पथ्याचें ताट आणि सणाचें ताट

आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे, तो एका ताटांत मावण्याइतका लहान आहे. प्रकृतीसाठीं ज्याला खाण्यापिण्याचें पथ्य सांभाळावें लागतें, त्यानें अधूनमधून जिभेचे लाड करावे कीं नाहीं, आणि करावयाचे तर ते कसे, एवढाच काय तो प्रश्न. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. कल्याणजवळच्या मोहने गांवीं तीस वर्षें मुलांना मराठी आणि गणित शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहें. परंतु ह्या प्रश्नाची परीक्षा मला स्वतःलाच द्यावी लागली, आणि पहिल्या खेपेस मी तींत साफ नापास झालों. तेवढ्याच अधिकारानें आपल्याशीं बोलत आहें.

कसाऱ्याच्या गाडींत बसून कल्याण सोडलें, कीं शहाडच्या पुढें आंबिवली स्टेशन लागतें. तेथें उतरून उल्हास नदीकडे वळलें म्हणजे आमचें मोहने. मूळ वस्ती आगरी-कोळ्यांची; पुढें रेयॉनचा मोठा कारखाना आला, आणि कोंकणांतलीं, घाटावरचीं, उत्तरेकडचीं व दक्षिणेकडचीं माणसें येथें येऊन राहिलीं. माझे वडील त्या कारखान्यांत कामाला होते. पगाराच्या दिवशीं ते घरीं येत तेव्हां त्यांच्या हातांत जिलबीचा पुडा असे. वर्तमानपत्राच्या कागदाला तूप लागलेलें असे, आणि आम्ही चौघे भावंडें तो कागद सुटण्याची वाट पाहत भिंतीशीं बसलेले असूं. प्रत्येकाच्या वांट्याला दोन वेढीं येत. तिसरें कोणी मागत नसे, कारण तें नसेच. पुढें २००९ सालीं कारखान्याला टाळें लागलें, पगाराचा दिवसही गेला. पण जिलबीचें दुकान राहिलें. आणि मजा अशी, कीं आतां तेथें महिन्यांतून एकदां जावयास कोणी तयार नाहीं. जो जातो तो रोज जातो.

माझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं रक्ताच्या तपासणींत साखर निघाली. यांत नवल कांहीं नव्हतें. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्यावरून आपल्या देशांतील मधुमेही माणसें दहा कोटींहून अधिक भरतात. त्या दहा कोटींत माझी एकाची भर. डॉक्टरांनीं औषध दिलें, चालावयास सांगितलें, गोड बेतानें खा म्हणाले. पण मी पडलों मास्तर! 'बेतानें' हा शब्द मला ढिला वाटला. मीं घरीं येऊन भिंतीवर कागद लावला: आजपासून गोड बंद. सणाला बंद, लग्नाला बंद, प्रसादालाही बंद. सहा आठवडे तो कागद मीं पाळला, आणि खरें सांगावयाचें तर त्याचा मला थोडा गर्वही झाला. कोणी पेढा पुढें केला, कीं मी हात मागें घेऊन पथ्यावर पांच मिनिटांचें व्याख्यान देत असें. लोक मला पेढा देईनासे झाले. मग बोलावीनासेही झाले.

मग गणेशचतुर्थी आली. घरीं उकडीचे मोदक झाले. देवाला एकवीस झाले, आणि शेजारच्या मुलांसाठीं म्हणून सहा वेगळे डब्यांत ठेवले. माझ्या ताटांत वरण, भाजी, भाकरी. मी अभिमानानें जेवलों आणि निजलों. रात्रीं दोनच्या सुमारास उठलों तो पाणी प्यावयास. दिवा न लावतां, ओट्याशीं उभा राहून, मीं ते सहाही मोदक खाल्ले. थंड, कोरडे, तुपाशिवाय. त्यांची चव मला आजही सांगतां येणार नाहीं, कारण ती मला लागलीच नाहीं. लक्ष सगळें आंतल्या खोलींतल्या चाहुलीकडे होतें.

सकाळीं सौभाग्यवतींनीं डबा उघडला.

"अहो, ह्यांतले सहा मोदक कोठें गेले?"

मी वर्तमानपत्र वाचीत होतों. तेंच अधिक मन लावून वाचूं लागलों. त्यांनीं दुसऱ्यांदा विचारलें नाहीं. शेजारीं बेसनाचे लाडू गेले. दुपारीं पान वाढतांना त्या एवढेंच म्हणाल्या, "पाटावर बसून मागितले असतेत, तर दोन वाढले असते मीं. तूपही वाढलें असतें."

श्रोतेहो, तीस वर्षांत अनेक मुलांना मीं खोटें बोलल्याबद्दल बांकावर उभें केलें होतें. त्या दुपारीं मला घास गिळेना. मधुमेहापेक्षां मला भय वाटलें तें ह्या गोष्टीचें, कीं पथ्य पाळतां पाळतां मी चोर झालों, आणि तीं शेजारचीं मुलें माझ्यामुळें मोदकाला मुकलीं. भिंतीवरचा कागद मीं त्याच संध्याकाळीं काढला.

डॉक्टरांना सर्व सांगितलें. ते हंसले नाहींत. हिशेब विचारूं लागले. सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडांत काय काय जातें तें आठ दिवस लिहून आणा म्हणाले. हें काम माझ्या आवडीचें! वही घातली, चमचा वजन केला, आणि आठव्या दिवशीं बेरीज पाहून मी थक्क झालों. मोदकांचा धसका घेतलेला मी, दिवसाला पांच कप चहा पीत होतों. कपाला दोन चमचे साखर, चमच्यांत चार ग्रॅम. म्हणजे रोज चाळीस ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो! बरोबरचीं बिस्किटें वेगळीं. मीं 'गोड बंद' लिहिलें तेव्हां चहा माझ्या ध्यानांतच आला नव्हता. चहाला आपण गोड म्हणतच नाहीं. उलट, आमच्या घरीं एकवीस मोदकांना तीनशें ग्रॅम गूळ लागतो. बारा संकष्ट्यांना दोन दोन मोदक खाल्ले, तरी वर्षाचा गूळ साडेतीनशें ग्रॅमच्या आंतबाहेर. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलेली मर्यादा पाहिली, तर वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दशांशापेक्षां कमी असावी, आणि विसांशाच्या आंत, म्हणजे सुमारें पंचवीस ग्रॅमवर राहिली तर अधिक बरें. माझा चहाच ती ओलांडून दीडपट झाला होता. शत्रु वेशीच्या आंत पाट मांडून बसला होता, आणि मी वेशीवर मोदकाशीं तलवार खेळत होतों.

येथें एक गोष्ट सांगून ठेवतों, कारण गुळाविषयीं आपल्या मनांत उगाच एक पवित्र भाव आहे. गूळ म्हणजे बव्हंशीं साखरच. मधुमेह्याच्या रक्ताला दोहोंतला फरक फारसा कळत नाहीं. मी मोदक खातों तो मोदक म्हणून खातों, औषध म्हणून नव्हे.

ह्या हिशेबानंतर मीं चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाचा पांचवा अध्याय आहे मात्राशितीय, मापून खाण्याविषयींचा. कडक निषेध सांपडतील ह्या अपेक्षेनें वाचावयास बसलों, तों भलतेंच दिसलें. आटविलेल्या व फाटविलेल्या दुधाचे पदार्थ, दहीं, उडीद, मासे ह्यांची त्यानें यादी दिली आहे. पण हे पदार्थ खाऊंच नका असें म्हटलेलें नाहीं. ह्यांची संवय करूं नका, असें म्हटलें आहे. आणि तांदूळ, मूग, आंवळा, जव, दूध, तूप ह्यांचा परिपाठ ठेवा म्हणून सांगितलें आहे. जड पदार्थ असेल तर पोट पुरतें भरण्याआधीं हात आंवरावा, हेंही तेथेंच आहे. एवढ्या जुन्या ग्रंथकारानें 'खाणें' आणि 'खात राहणें' ह्यांत जो भेद केला, तो मास्तराच्या भिंतीवरच्या कागदानें केला नव्हता.

आपल्या पंचांगानें मात्र हा भेद चांगला सांभाळला होता. तिळगूळ संक्रांतीला, पुरणपोळी होळीला, श्रीखंड पाडव्याला, मोदक चतुर्थीला, चकली-करंजी दिवाळीला. प्रत्येक पदार्थाला तिथि नेमून दिलेली. श्रावण पाळणारीं आमच्या गांवचीं आगरी घरें महिनाभर मासळीला शिवत नाहींत, आणि महिना संपल्यावर जें कालवण होतें त्याचा वास गल्लीच्या टोंकापर्यंत येतो. पण पूर्वजांचें फार कौतुक करण्याआधीं थांबलें पाहिजे. त्यांच्या संयमांत टंचाईचा वांटा मोठा होता. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. त्यानंतर कितीतरी वर्षें साखर मोजून मिळे. जें कपाटांत नाहीं तें रात्रीं दोन वाजतां उठून कोण खाणार? आज श्रीखंडाचा डबा बारा महिने शीतकपाटांत असतो, फराळ दुकानांत वर्षभर मिळतो, आणि साबुदाण्याची खिचडी व बटाट्याच्या काचऱ्या खाऊन आपण एकादशीला दुप्पट जेवतों. टंचाई जें काम फुकट करीत होती, तें आतां आपल्याला जाणून बुजून करावें लागतें. सणाला सण राहूं द्यावयाचा, तर मधले दिवस साधे ठेवणें भाग आहे.

हल्लीं व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांत आठवड्याचा एक दिवस 'चीट डे' म्हणून पाळतात. सहा दिवस उकडलेलें अन्न, आणि सातव्या दिवशीं सकाळपासून रात्रीपर्यंत वाटेल तें. माझा पुतण्या ह्या पंथाचा आहे. मीं त्याला विचारलें, "अरे, चीट म्हणजे फसवणूक ना? तूं फसवितोस कोणाला?" तो म्हणाला, "काका, शब्दच तसा आहे." मला तो शब्द मुळींच आवडत नाहीं. ज्या घांसाचें नांवच फसवणूक, तो घांस उजळ माथ्यानें कसा खाणार? आणि सबंध दिवस मोकाट सोडला, तर सहा दिवसांचें राखलेलें एका दिवसांत धुऊन जाण्यास वेळ लागत नाहीं. आपल्याकडे 'सण' हा शब्द असतां उसना शब्द कशाला? सणाला एकच पदार्थ असतो, तो एका पंगतीपुरता असतो, आणि तो चार माणसांच्या देखत खाल्ला जातो. माझ्या मतें ह्या तिसऱ्या गोष्टींतच सगळा बंदोबस्त आहे. अंधारांत मीं सहा खाल्ले. पंगतींत मला तिसरा मागतांना संकोच होतो.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं महाराष्ट्रांत घरोघर पोंचविलेला दोनच वेळां जेवण्याचा विचार आपण ऐकलाच असेल. त्याची सगळी चर्चा करण्याचा माझा अधिकार नाहीं, आणि औषधावर असणाऱ्यांनीं तसा प्रयोग डॉक्टरांस विचारल्यावांचून करूंही नये. पण दोन जेवणांच्या मधलें किरकोळ चरणें त्यानें लोकांच्या डोळ्यांपुढें आणलें, हें मात्र खरें.

सर्वांचीच जीभ गोडाची नसते. आमच्या शेजारच्या आजींना रक्तदाब आहे. त्यांना मोदकाचें कांहीं नाहीं, त्यांचा जीव खाऱ्या सुकटींत आणि पापडांत. दिवसाला पांच ग्रॅमच्या आंत मीठ, ही त्यांना घातलेली मर्यादा. त्यांनीं पापड आणि लोणचें रोजच्या पानांतून काढलें आहे, आणि सुकटीची चटणी रविवारीं, चिमूटभर, तांदळाच्या भाकरीबरोबर. ती चिमूट संपावयास त्यांना अर्धा तास लागतो.

आतां माझा परिपाठ सांगतों. चहा दोन वेळां, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला; आतां कोणी साखर घातली तर तोंड वांकडें होतें. शनिवारीं एकदां, महिन्यांतून एकच, कल्याणला जुन्या मित्रांबरोबर खिडकी वडा. एक, दुसरा नाहीं. आणि संकष्टीला मोदक दोन. त्या दिवशीं ताटांत भात नसतो, कारण मोदकाची पारी म्हणजे तांदूळच. आधीं कोशिंबीर आणि भाजी, मग घट्ट वरण, आणि मोदक शेवटीं. ह्या क्रमानें जेवलें तर साखर सावकाश चढते, आणि जेवणानंतर थोडें चाललें तर तिला आणखी आळा बसतो, हें डॉक्टरांनीं सांगितलें आणि माझ्या यंत्रानेंही दाखविलें. ज्यांना इन्सुलिन आहे त्यांनीं माझें ताट उचलूं नये. आपल्या डॉक्टरांकडून आपलें ताट आंखून घ्यावें. माझी तीन महिन्यांची सरासरी आतां डॉक्टरांना चालेल इतकी आहे. ती कागद लावला होता तेव्हां नव्हती.

त्या सहा मोदकांची फेड मात्र राहिली होती. पुढच्या चतुर्थीला मीं स्वतः नारळ खवला, आणि शेजारीं डबा घेऊन मीच गेलों. बारा होते. मुलांनीं दारांतच उघडला, आणि धाकट्यानें त्यांतला एक माझ्यापुढें धरला. मीं व्याख्यान दिलें नाहीं. अर्धा मोडून घेतला, आणि घरीं येऊन तसें सांगितलें. त्या दिवशीं माझ्या पानांत दीडच आला.

येत्या संकष्टीला चंद्रोदय उशिरा आहे. तोंपर्यंत मला आंबिवली स्टेशनपर्यंत पायीं जाऊन यावयाचें आहे.