वलगाव मतदारसंघ कुठं गेला?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटात नवीन खात्याचे कागद जमा करत होतो. एका घरच्या सासू-सुना दोघी आपापलं मतदार ओळखपत्र घेऊन आल्या. सासूबाईंचं कार्ड जुनं, कडा झिजलेल्या. मागच्या बाजूला विधानसभा मतदारसंघ लिहिलेला, वलगाव. सुनेच्या कार्डावर तिवसा. घर एक, चूल एक आणि मतदारसंघ दोन! सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, "माह्यं कार्ड खोटं हाय काय वं?"

कार्ड खोटं नव्हतं. वलगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ खरोखरच होता. २००४ सालच्या निवडणुकीत त्याच नावानं मतदान झालं. २००९ साली पुढची निवडणूक आली तेव्हा यादीत वलगाव नव्हतं. अकोल्याच्या बहिणींना हे नवीन नाही. त्यांचा बोरगाव मंजू मतदारसंघही तेव्हाच संपला आणि अकोला पूर्व, अकोला पश्चिम अशी नावं आली. वलगाव गाव आपल्या जागीच आहे. पेढी नदी आहे, परतवाड्याचा रस्ता आहे, गाडगेबाबांनी जिथं देह ठेवला ती जागा आहे. फक्त आमदारकीच्या यादीतलं नाव तेवढं गेलं.

हे कसं झालं, ते शोधायला आम्ही बसलो, आणि गोष्ट बरीच मागं गेली.

आपला वऱ्हाड म्हणजे मोठी गंमत. १८५३ साली निजामानं त्याचा कारभार कंपनीकडे दिला. १९०२ साली इंग्रजांनी वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून तो कायमच्या पट्ट्यावर घेतला, म्हणजे शेत ठोक्यानं घ्यावं तसा. पुढं नागपूरच्या कौन्सिलसाठी निवडणुका सुरू झाल्या, तेव्हा अडचण उभी राहिली. मुलूख कागदोपत्री निजामाचा, मग इथला माणूस इंग्रजांच्या कौन्सिलात निवडून कसा जाणार? तोड अशी निघाली की वऱ्हाडातल्या लोकांनी मत देऊन माणूस निवडायचा आणि गव्हर्नरानं त्यालाच नेमल्याचं दाखवायचं. मत आपलं, पण कागदावर नेमणूक साहेबाची. ते मतही सगळ्यांना नव्हतंच, ज्याच्याकडे जमीन, ज्याचा सारा मोठा, त्यालाच होतं.

१९३७ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडची विधानसभा निवडली गेली. जागा ११२. त्यातल्या ३ बायांसाठी राखीव होत्या. एकशे बारात तीन! तरी तेव्हा ते मोठं वाटलं असेल. स्वातंत्र्यानंतर मत सगळ्यांना मिळालं, शेतमजूर बाईलासुद्धा, आणि बायांच्या राखीव जागा गेल्या. एका हातानं फार मोठं मिळालं, दुसऱ्या हातातलं थोडं सुटलं, असं आम्हाला वाटतं.

पहिल्या निवडणुकीला आपल्या आज्यांनी मत दिलं ते मध्य प्रदेशाच्या विधानसभेसाठी. हो, तेव्हा अमरावती-अकोला मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. त्याच वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायांची नावं मतदारयादीतून निघाली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. "अमक्याची बायको", "तमक्याची माय" एवढंच लिहून घेतलेलं. बिननावाच्या बाईला मत कसं द्यायचं?

१ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड मुंबई राज्यात आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबा गेले. १९६० साली महाराष्ट्र झाला.

आता मूळ प्रश्नावर येऊ. वलगाव गेलं कशानं? कायदा सांगतो की शक्यतो प्रत्येक आमदारामागं लोकसंख्या सारखी असावी, म्हणजे एका मताची किंमत सारखी राहते. २००२ च्या कायद्यानं पुनर्रचना आयोग नेमला. त्यानं २००१ ची जनगणना समोर ठेवली. महाराष्ट्राच्या जागा २८८ च राहिल्या, पण ठाणे-पुण्याकडं माणूस वाढला होता. तिकडच्या जागा वाढल्या आणि विदर्भाच्या ६६ च्या ६२ झाल्या. अमरावती जिल्ह्याचे ९ आमदार होते, ते ८ झाले. वलगावचा मुलूख आसपासच्या मतदारसंघांत वाटला गेला. हिशेब चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण तिकडं वाढलेल्या वस्तीत आपल्याच गावची किती पोरं पोटासाठी गेलेली आहेत, हेही मनात येतं. पोरंही गेली आणि आमदारही.

ही रेघ ओढताना महसूल मंडळं आणि तलाठ्याचे सजे धरतात. म्हणून एका सजाचं गाव इकडं, शेजारचं तिकडं असं होतं. आधी कच्चा आराखडा छापतात, हरकती मागवतात, जाहीर सुनावणी होते. पक्का आदेश निघाला की त्यावर कोर्टात दाद मिळणं फार अवघड. बोलायचं ते आराखड्याच्या वेळीच. २००८ च्या आधी ते झालं तेव्हा आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. आम्ही सोयाबीन सोंगत असू, नाहीतर कापूस वेचत.

हे आता काढायचं कारण असं. २०२३ साली संसदेनं घटनादुरुस्ती केली की लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायांसाठी ठेवायच्या. पण त्या दुरुस्तीतच लिहिलं आहे की त्या जागा मिळतील जनगणना आणि त्यावरची पुनर्रचना झाल्यावर. म्हणजे आपल्या राखीव जागा आणि नवी रेघ एकाच दोरीला बांधल्या आहेत. ग्रामपंचायतीत निम्म्या जागांवर आपण बसतोच. तिथं वॉर्ड पाडताना कुणाची गल्ली कुठं टाकतात आणि त्यानं काय उलटंपालटं होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा जनगणनेचा माणूस दारात आला की घरातल्या प्रत्येक बाईचं स्वतःचं नाव सांगा, म्हातारीचंही. आराखडा निघाल्याची बातमी आली की आपलं गाव कुणासोबत टाकलं ते गटात वाचून काढू. बाजार, दवाखाना, तहसील यांच्याशी ते जुळत नसेल तर हरकतीचा अर्ज गटाच्या नावानं लिहू.

सासूबाईंनी ते कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं आहे. तुमच्याकडे वलगाव, बोरगाव मंजू, चांदूर किंवा मेडशी लिहिलेलं असं जुनं कार्ड असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या.