चाकांतील हवा

मोटारीचें ओझें कोण वाहतें असें विचारलें, तर बहुतेक जण रबरी टायरकडे बोट दाखवितील. तें उत्तर अर्धेंच खरें आहे. बैलगाडीचें ओझें चाकाची लोखंडी धाव पेलते. मोटारीचें ओझें टायरांत कोंडलेली हवा पेलते. टायर ही त्या हवेची केवळ पिशवी होय. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं ही युक्ति शोधली, पण ती मागें पडली. पुढें १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें बेलफास्ट येथें तिचें पेटंट घेतलें आणि तेव्हांपासून जग खऱ्या अर्थानें हवेवर धांवूं लागलें.

ही हवा कमी पडली म्हणजे काय होतें? टायरचा जो भाग रस्त्यास टेकतो तो दबतो, आणि चाक पुढें गेलें कीं पुनः ताठ होतो. लहान मोटारीचें चाक एका किलोमीटरांत सुमारें पांचशें फेरे घेतें. म्हणजे टायरची बाजू तितक्याच वेळां मुडपते व सरळ होते. तार वारंवार वाकविली कीं ती बोटांस ऊन लागते, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. रबराचेंहि तसेंच आहे. हवा पुरेशी असेल तर वांक लहान राहतो व उष्णता वाऱ्यावर निघून जाते. हवा कमी असेल तर वांक मोठा होतो. त्यांत वेग वाढला कीं उष्णतेस बाहेर पडण्यास अवसरच मिळत नाहीं. मग रबर आणि आंतील दोऱ्या व पोलादी तारा यांची पकड सुटूं लागते. बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आंतून उकलत असतो.

हें पुस्तकी भय नव्हे. अमेरिकेंत फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरचे थर भर वेगांत सुटून गाड्या उलटल्या. २००० सालच्या ऑगस्टमध्यें सुमारें ६५ लाख टायर परत मागवावे लागले. मृतांची संख्या अडीचशेंच्या वर गेली. टायरच्या घडणींतच दोष असल्याचें सरकारी तपासांत आढळलें. परंतु फोर्डनें सुचविलेला दर चौरस इंचास २६ पौंडांचा दाब अपुरा असून तो ३० असावा, असें टायर-कंपनीचें म्हणणें पडलें. अपघात विशेषतः उष्ण राज्यांत घडले, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याच वर्षीं तेथें नवा कायदा झाला, आणि त्यान्वयें कमी हवेची सूचना देणारा दिवा नव्या मोटारींत पुढें सक्तीचा झाला. मात्र हा दिवा हवा पुष्कळच, म्हणजे सुमारें चतुर्थांश, उतरल्यावर लागतो. दिवा लागला नाहीं म्हणून हवा पुरेशी आहे असें समजणें धोक्याचें आहे.

महाराष्ट्रांत समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. सरळ काँक्रीटचा रस्ता, ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आणि वैशाखांतील विदर्भाचें ऊन! शहरांत महिनोन्‌महिने निभावलेली कमी हवा येथें तासाभरांत आपला हिशेब चुकता करून घेते. सुटी लागते, मंडळी पहांटे निघतात, मागें सामान गच्च भरलेलें असतें, आणि उशीर नको म्हणून हवा पाहणें ‘पुढच्या पंपावर’ ढकललें जातें. त्यांतच एक समज सर्वत्र रूढ आहे, कीं उन्हाळ्यांत हवा फुगते म्हणून ती थोडी कमीच ठेवावी. हा समज उलटा आहे. उन्हानें वाढणारा दाब कारखानदारानें आधींच जमेस धरलेला असतो. हवा कमी ठेवल्यानें टायर थंड राहत नाहीं, अधिकच तापतो.

दुसरी चूक पंक्चर झाल्यावर घडते. ‘दुकान जवळच आहे’ म्हणून सपाट टायरवर गाडी नेली जाते. तेवढ्या अंतरांत लोखंडी रिम आणि रस्ता यांच्यामध्यें टायरची बाजू भरडून निघते. पंक्चर जोडलें तरी ती जखम आंत तशीच राहते व पुढें कधीं तरी भर वेगांत उघडी पडते. असा टायर उतरवून आंतून तपासल्यावांचून पुनः वापरूं नये.

उपाय सोपा आहे. दरवाजाच्या चौकटीवर किंवा माहितीपुस्तकांत दिलेला दाब महिन्यांतून एकदां, आणि लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य, टायर थंड असतांना मोजून घ्यावा. सामान व माणसें अधिक असतील तर त्यासाठीं सांगितलेला अधिक दाब भरावा. प्रवासांत तापलेल्या टायरची हवा काढूं नये. स्टेपनीहि विसरूं नये. नुसत्या डोळ्यांनीं अंदाज बांधूं नये. आजचा रेडियल टायर हवा कमी असूनहि सुस्थितींत दिसतो.

वाटेंत टायर बसलाच तर एकदम ब्रेक दाबूं नये. चक्र घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, वेग आपोआप उतरूं द्यावा आणि कडेस येऊन धोक्याचे दिवे लावावे. मग मुलांसह सर्वांनीं कठड्यापलीकडे उभें राहावें.

चार टायर मिळून रस्त्यास टेकतात ते चार तळहातांएवढ्या जागेंत. घरांतील सारीं माणसें त्या चार तळहातांवर विसंबून असतात. निघण्यापूर्वीं हवा मोजण्यास पांच मिनिटें लागतात. तेवढा उशीर कोणत्याहि मुक्कामीं खपतो.