आधी मोटार, मग पॅनल



नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेडच्या फुलबागांत तोडणी पहाटेची असते. काकडा कळीत असतानाच खुडावा लागतो, गुलाब ऊन चढायच्या आत टोपलीत पडावा लागतो, तरच माल बाजारात तोंड वर करून उभा राहतो. ज्या आठवड्यात थ्री फेज विजेची रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात घरातला माणूस रात्रभर पाण्याला दारं धरतो आणि डोळ्याला डोळा न लागता तसाच तोडणीला लागतो. अंधारात बांधावर साप असतो, ओल्या हाताखाली स्टार्टर असतो. त्यामुळे शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून केंद्र आणि राज्य सरकार सौर ऊर्जेवर जो पैसा ओतत आहे, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. मला आज बोलायचं आहे ते त्या पैशाच्या क्रमाबद्दल. एकरकमी मिळणारा सरकारी पैसा दरवर्षीचा खर्च कायमचा कमी करण्यासाठी लागला पाहिजे, आणि तसा तो लागायचा असेल तर पॅनलच्या आधी विहिरीवरची मोटार बदलली पाहिजे.

दरवर्षीचा खर्च किती आहे ते आधी पाहू. जुलै 2024 मध्ये शासनानं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेचा निर्णय काढला. 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे 44 लाख शेतीपंपांचं बिल एप्रिल 2024 ते मार्च 2029 ही 5 वर्षं सरकार भरणार आहे, आणि त्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपये लागतील असं त्या निर्णयात धरलेलं आहे. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला साधारण 33,500 रुपये येतात. 5 वर्षांचे झाले 1 लाख 67 हजार. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत 3 अश्वशक्तीच्या अख्ख्या संचाची किंमत 2 लाखांच्या आसपास जाते. त्यातले 10 टक्के शेतकरी भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी 5 टक्के भरतो, बाकीचं सरकार. पॅनल 25 वर्षं चालतात असं धरलं जातं. म्हणजे 5 वर्षांत बिलापोटी जाणारी रक्कम एका छोट्या सौर संचाच्या किमतीजवळ पोचते, आणि मार्च 2029 नंतर हातात काहीच उरत नाही. म्हणूनच केंद्राची कुसुम योजना आणि राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दिशेनं बरोबर आहेत. गावाजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडे जाणाऱ्या वाहिनीवर, सोडायची, ही वाहिनी योजनेची कल्पना. ती वीज महावितरणला युनिटमागे सुमारे 3 रुपयांनी मिळते, आणि ती दिवसाच तयार होते.

आता विहिरीवर या. बांधावरच्या खांबाला पत्र्याची पेटी. झाकणाची बिजागरी तुटलेली, आत ऑटो-स्विच आणि फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे वेढे. खाली चार वेळा रिवाइंडिंग झालेली मोटार, आणि शेवाळानं अर्धा बुजलेला फुटव्हॉल्व्ह. दर रिवाइंडिंगला मोटारीची कार्यक्षमता थोडी उतरते. त्यातच व्होल्टेज कमी मिळतं म्हणून शेतकरी गरजेपेक्षा मोठी मोटार घेतो. तिच्यामुळे डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, भार वाढतो, भार वाढला की व्होल्टेज आणखी पडतं, आणि मोटार पुन्हा जळते. भर हंगामात डीपी जळाली तर बाग डोळ्यांदेखत सुकते. या फेऱ्यात शेतकऱ्याचा दोष मला दिसत नाही. हातात जे मिळालं त्यातून पाणी काढायचा तो त्याचा मार्ग आहे. पण डीपीतून निघालेल्या विजेचा मोठा हिस्सा पाणी न उचलताच उष्णतेत जातो, हेही तितकंच खरं आहे.

हे आपल्या राज्यात ठाऊक नव्हतं असं नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोनं शेतीपंप बदलण्याचा देशातला पहिला पथदर्शी प्रकल्प 2009 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला हाती घेतला. 5 फीडरवरच्या 2,209 पंपांची पाहणी झाली आणि ते बदलले तर वर्षाला 60 लाखांच्या वर युनिट वाचतील असा हिशेब निघाला. पुढे सौर पंपांच्या योजनांना जो वेग आला, तो या कामाला कधीच आला नाही. का, तर पॅनल रस्त्यावरून दिसतं. वाचलेलं युनिट कुणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन करता येत नाही. पण हिशेब करून पाहा. समजा एका फीडरवर 5 अश्वशक्तीच्या 500 मोटारी आहेत. कागदावर एका मोटारीला पावणेचार किलोवॉट, म्हणजे सगळ्या मिळून पावणेदोन मेगावॉटच्या थोडं वर. मोटारी बदलून त्यात 30 टक्के बचत झाली तर सव्वा-दीड मेगावॉटमध्ये काम भागतं. 1 मेगावॉटला 4-5 एकर जमीन लागते, म्हणजे दोन-अडीच एकर एकट्या त्या फीडरमागे वाचले. मुदखेड, अर्धापूरसारख्या केळी-फुलांच्या बागायती पट्ट्यात, आणि जिथं गायरानाच्या एकेका तुकड्यासाठी गुरं राखणारी आणि भूमिहीन माणसं झगडत आहेत तिथं, दोन एकर ही लहान गोष्ट नाही.

यावर पहिला आक्षेप असा की वीज फुकट असताना शेतकरी मोटार कशाला बदलेल? बरोबर आहे, स्वतःच्या खिशातून तो बदलणार नाही. पण वाचलेल्या युनिटचा फायदा आज सरकारला होतो, मग मोटारीचे पैसेही सरकारनंच द्यायला हवेत. पंजाबनं 2018 मध्ये 'पानी बचाओ, पैसे कमाओ' या नावानं काही फीडरवर वाचवलेल्या प्रत्येक युनिटमागे शेतकऱ्याला 4 रुपये देऊ केले. आपल्याकडे उपकेंद्रात फीडरला मीटर असतोच. त्या मीटरवरचं आधीच्या वर्षाचं आणि नंतरच्या वर्षाचं वाचन गावासमोर मांडता येतं.

दुसरा आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. चांगली मोटार आणि दिवसभराची फुकट वीज मिळाली तर बोअर कोरडे पडायला किती दिवस लागतील? 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे मराठवाडा विसरलेला नाही. सुटा सौर पंप इथं जास्त अडचणीचा ठरतो, कारण त्याची वीज पाणी उपसण्यावाचून दुसरीकडे जात नाही. भिजवण नसलेल्या दिवसांत ती वायाच जाते. फीडरवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज मात्र ग्रीडमध्ये जाते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. युनिटला भाव आला की माणूस मोटार सुरू करण्याआधी विचार करतो. म्हणून सुटा पंप जिथं तार पोचत नाही त्या शेताला द्यावा, आणि नवी मोटार देताना तिच्यासोबत ठिबक असलंच पाहिजे अशी अट घालावी. अट जाचक वाटेल, पण ती नसेल तर वाचलेली वीज आणखी खोल बोअर घ्यायला लागेल.

तिसरा आक्षेप असा की इतक्या मोठ्या रकमा घाईत खर्च होतात आणि घाईत वाया जातात. अमेरिकेत हे घडलं. मंदीतून सावरण्यासाठी फेब्रुवारी 2009 मध्ये तिथं जो कायदा झाला, त्यात राज्यांच्या ऊर्जा कार्यक्रमांना 3.1 अब्ज डॉलर आणि गरिबांची घरं उष्णता-थंडीपासून बंदिस्त करायला 5 अब्ज डॉलर ठेवले. पैसा पोचला, पण मजुरीचे दर ठरायचे होते, शिकलेले हात कमी होते, आणि पहिल्या वर्षात फार थोड्या घरांचं काम झालं. याचा अर्थ पैसा देऊ नये असा मी घेत नाही. हात आधी तयार करावेत, असा घेतो. आयटीआयमधून दरवर्षी वायरमन आणि इलेक्ट्रिशियन होऊन मुलं बाहेर पडतात आणि पुण्या-हैदराबादची वाट धरतात. मोटार बदलणं, कपॅसिटर बसवणं, इन्व्हर्टरचा बिघाड शोधणं, पॅनल धुणं ही कामं याच मुलांची आहेत. सौर वाहिनीच्या प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख रुपये, असे 3 वर्षं मिळायची तरतूद आहे. त्यातला काही भाग गावच्या एका मुलाच्या पगाराला आणि सुट्या भागांच्या कपाटाला ठेवावा. म्हणजे चैत्रात संच बंद पडला, तर कंपनीचा माणूस चार दिवसांनी यायची वाट न पाहता, त्याच दुपारी काकड्याला पाणी मिळेल.