धातूच्या पोटातील प्रवाह
(व्याख्यानाची संहिता)



कल्हईवाल्याच्या पोतडीतला नवसागर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जेट इंजिनाच्या पात्यात दोष का निपजतो, या कोड्याचा उलगडा होण्यास याच नवसागराने हातभार लावला.

लढाऊ विमानाच्या टर्बाइनमधील पहिल्या पात्यांवर आदळणारे वायू त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतात. पात्यांच्या पोटातून खेळवलेली हवा त्यांना तारते. अशा धगीत धातूच्या कणांमधील सीमा दुबळ्या ठरतात. म्हणून निकेलच्या मिश्रधातूचे सबंध पाते एकाच स्फटिकाचे ओततात. साचा भट्टीतून सावकाश खाली उतरतो आणि रस तळापासून वर गोठत जातो.

अडचण येथेच उद्भवते. मिश्रधातू पाण्याप्रमाणे एकाच तापमानाला गोठत नाही. आधी झाडाच्या फांद्यांसारखे स्फटिक वाढतात. मधल्या जागेत रस उरतो. टंगस्टन, रेनियम ही जड मूलद्रव्ये स्फटिकात अधिक शिरतात. ॲल्युमिनियम, टायटॅनियम ही हलकी मूलद्रव्ये रसात मागे राहतात. परिणामी खालचा रस वरच्याहून हलका होतो आणि उसळून वर धावतो. वाटेतल्या कोवळ्या फांद्या वितळवत, मोडत तो आपला मार्ग कोरतो. त्या मार्गावर पुढे निराळ्या घटकप्रमाणाच्या बारीक कणांची माळ गोठते. चेहऱ्यावरील वांगासारखी दिसणारी ही माळ ‘फ्रेकल्स’ या नावाने ओळखली जाते.

धातू अपारदर्शक, आत डोकवावे कसे? १९७० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कॉप्ली आणि सहकाऱ्यांनी नवसागराचे पारदर्शक द्रावण तळाकडून थंड केले. स्फटिकांच्या रानातून वर उठणारे झोत तेव्हा प्रत्यक्ष दिसले.

हा दोष मागाहून निपटता येत नाही. उष्णोपचाराने फांद्यांमधील सूक्ष्म विषमता मिटते, या माळेची मात्र मिटत नाही. म्हणून उपाय ओततानाच योजावे लागतात. तापमानाचा उतार तीव्र ठेवायचा, गोठण्याचा वेग वाढवायचा. रसात राहणारे जड टँटलम मिसळून त्या रसाला हलका होऊ द्यायचे नाही.

हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० एकस्फटिकी पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिल्याचे २०२१ साली जाहीर झाले. या ६० पात्यांचे मोल संख्येत नाही. मिश्रधातूतील घटकांची यादी पुस्तकात सापडते. रसाला आवर घालण्याची विद्या मात्र भट्टीपाशी उभे राहूनच साध्य होते. गोठल्यावर दुरुस्ती नाही. जी दक्षता घ्यायची ती रस वाहता असतानाच.