डोळ्यांसाठी एक छोटा अर्ज

माझा पहिला अर्ज परत आला तो एका शेऱ्यासह : 'रुग्ण तपासणीला येतीलच कशावरून?' राग आला. पण प्रश्न रास्त होता. मधुमेहात डोळ्याचा पडदा न दुखता खराब होतो. दिसतंय तोवर कन्नड-पैठणहून संभाजीनगरला कोण येणार? प्राथमिक अभ्यासाचं अनुदान हेच शोधण्यासाठी असतं. दुसऱ्या अर्जात मी महागडं यंत्र मागितलंच नाही. एक मदतनीस, एसटीचं भाडं आणि सहा महिने, बस्स! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन योजना सुरू केली. तिथेही प्रश्न असाच छोटा हवा. शंभर जणांना चिठ्ठी द्या, पोहोचले किती ते मोजा. न आलेल्यांच्या घरी जा. नैतिकता समितीची परवानगी मात्र आधीच घ्या. आणि कारणाचा रकाना कोरा ठेवा. तो त्यांनाच भरू द्या.