डिझेलची बचत की बॅटरीची सवाई?



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय असे विषय यावेत अशी रीत आहे. तेथे आम्ही मोटारीची बॅटरी घेऊन उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग ज्या केळापूर तालुक्यातून जातो, तेथे स्टिअरिंगवर पोट असणारी माणसे थोडी नाहीत. आमचे शालेय शिक्षण बेताचे. मोटारकामगारांत हिंडताना गॅरेजात जे पाहिले आणि मागाहून पुस्तकांवरून जे पडताळून घेतले, तेवढेच येथे मांडावयाचे आहे.

प्रश्न अ‍ॅव्हरेजचा आहे. लिटरला इतके किलोमीटर पडलेच पाहिजेत असे मालक ठरवितो. कमी पडले तर तफावत ड्रायव्हरच्या पगारातून कापली जाते. मग ड्रायव्हर युक्त्या काढतो. उतार आला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो, आणि खाली पोहोचला की सेल्फ मारतो. दिवे लावले तर अल्टरनेटरचा भार इंजिनावर पडतो असे ऐकून तिन्हीसांजेला दिवे लावण्याचे टाळतो. परदेशातील काही हौशी मोटारवाले तर अल्टरनेटरचा पट्टाच काढून ठेवतात आणि घरी आल्यावर घरच्या विजेने बॅटरी भरतात. त्यांना घर जवळ असते. हैदराबादच्या वाटेवरच्या ड्रायव्हरने बॅटरी कोठे भरावी?

या युक्त्यांत खरी बचत किती, ते मोजून पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन तिच्यातील ३ युनिटांच्या आसपास कामाला लावते. बाकीची उष्णता होऊन जाते. अल्टरनेटर त्या कामाच्या साधारण निम्म्याहून थोडी अधिक वीज देतो. जीपचे समोरचे दोन दिवे मिळून सुमारे १२० वॉट घेतात. हा हिशोब मांडला तर तासभर दिवे लावण्याचा खर्च सुमारे ७० मिलिलिटर डिझेल निघतो. ताशी चार लिटर पिणाऱ्या गाडीत हा दोन टक्क्यांहूनही कमी झाला. एवढ्यासाठी अंधारात बैलगाडीवर जाऊन आदळावे काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता बॅटरीकडे वळू. आपल्या भागात सवाई-दिढी कोणाला शिकवावी लागत नाही. पेरणीला मणभर दाणे उचलावेत आणि सुगीला सव्वा मण मोजावेत, ही सवाई. बॅटरीचा व्यवहार हुबेहूब असाच आहे. तिच्यातून चार भाग वीज काढली तर ती भरून द्यायला सुमारे पाच भाग घालावे लागतात. मधला भाग उष्णतेत आणि वायूत जातो. तेव्हा इंजिन बंद ठेवून बॅटरीवर दिवे, पंखा आणि गाणी चालविली, म्हणजे त्या विजेचे डिझेल वाचले असे नव्हे. ते उसने घेतले. पुढच्या मुक्कामापर्यंत अल्टरनेटर सवाईने वसूल करणारच.

शिवाय मुद्दलही झिजते. जीपची ७० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. इंजिन बंद असताना दिवे आणि किरकोळ सामान मिळून १५ अँपिअर ओढतात. कागदावर ती साडेचार तासांहून अधिक चालेल. पण साधी बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरविली तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि तिचे आयुष्य आटते. म्हणजे हाती उरले दोन-सव्वादोन तास. एक सेल्फ तीन सेकंद दोनशे अँपिअर ओढतो. हिशोबाने ते फार नाही. पण अर्धी उतरलेली, वैशाखाच्या उन्हात पाणी आटलेली बॅटरी नेमका तेवढाच धक्का देऊ शकत नाही. मग टिपेश्वरच्या रानालगत रात्री गाडी उभी राहते आणि धक्का मारायला कोणी मिळत नाही.

उताराची गोष्ट तर सर्वांत महत्त्वाची. चांगल्या उतारावर गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर पंप डिझेल तोडतो. चाकेच इंजिन फिरवितात आणि इंजिन अल्टरनेटर फिरविते. म्हणजे ज्या ठिकाणी बॅटरी फुकट भरते, नेमके तेथेच आमचा ड्रायव्हर इंजिन बंद करून ती उतरवीत असतो! आणि जीव धोक्यात घालतो तो वेगळाच. इंजिन थांबले की पॉवर स्टिअरिंग जड होते. जीपच्या ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांत संपते. ट्रकच्या ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि प्रत्येक दाबाला टाकीतली हवा घटत जाते. किल्ली जास्त मागे फिरली तर काही गाड्यांत स्टिअरिंगच कुलूपबंद होते. निर्मलकडच्या घाटात यापेक्षा महाग बचत दुसरी नाही.

मग करावे काय? गाडी उभी असेल तेव्हा इंजिन अवश्य बंद करावे. टोलनाक्यावर, जिनिंगच्या दारातील कापसाच्या रांगेत ते योग्यच आहे. मात्र त्याबरोबर दिवे आणि पंखाही बंद करावेत. नव्या मोटारींत उभ्या गाडीचे इंजिन आपोआप थांबविण्याची योजना असते. तिच्यासाठी जास्त दमाची बॅटरी बसवितात आणि ती उतरू लागली की ती योजना आपणहून थांबते. यंत्राला जे कळते ते माणसाने का विसरावे? गाडी दोनचार तास उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली समजावी, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर आधी ती भरून घ्यावी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ मिळत नसेल तर पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा. टर्मिनलवरची बुरशी काढावी; झाकणाची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर पाहावे. आणि खरी बचत वेगात शोधावी. ताशी ६० वरून ८० वर गेले की वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींहून वाढतो. टायरची हवा, वेळेवर बदललेला गियर आणि पुढचा रस्ता पाहून आधीच काढलेला पाय यांपुढे दिव्यांची बचत काहीच नाही.

परंतु एवढे सांगून आमचे काम संपत नाही. ज्याच्या पगाराला कात्री लागलेली आहे, त्याला सावकाश चाल म्हणणे सोपे. वेळेवर पोहोचण्याचा तगादा तोच मालक लावतो आणि अ‍ॅव्हरेजही तोच मागतो. मेलेली बॅटरी बदलून न देता मालकाने तफावत कापून घेतली, अशा तक्रारी आमच्याकडे आलेल्या आहेत. नुकसानीपोटी पगार कापण्यापूर्वी कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, हे तत्त्व १९३६ च्या वेतनकायद्यात होते आणि २०१९ च्या वेतनसंहितेतही आहे. नुकसान कामगाराच्याच हयगयीने झाले, हेही दिसावे लागते.

म्हणून आमची मागणी अशी : अ‍ॅव्हरेज टेबलावर बसून ठरवू नये, भरल्या गाडीने, त्याच रस्त्यावर, ड्रायव्हरच्या समक्ष चाचणी घेऊन ठरवावे. बॅटरी, पट्टा आणि टायर यांची तपासणी लेखी व्हावी आणि तिचा खर्च गाडीच्या खाती पडावा. वाचलेल्या डिझेलचा वाटा वाचविणाऱ्याला मिळावा. ड्रायव्हरबंधूंना आमचे सांगणे एकच : सवाईने काढलेल्या दाण्यांवर कोणाचे घर वर आलेले नाही. उतारावर इंजिन चालू ठेवा, दिवे वेळेवर लावा, आणि कापलेल्या पगाराचा हिशोब बॅटरीकडे न मागता मालकाकडे, सर्वांनी मिळून, मागा.