गोठ्यातली पेटी, घरातलं फडताळ

पासलीला आमच्या गोठ्यात प्रथमोपचाराची पेटी टांगलेली आहे. एका पावसाळ्यात गाईचा पाय सुजला. माझ्या गुडघेदुखीचं डायक्लोफिनॅक तिला द्यावं, असं मनात आलं. गाईला आराम पडलाही असता; पण ते अंगात असताना ती मेली, तर तिचं मांस खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत पोचत राहिल्या. २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरवर आणल्या. मी थांबलो. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं; ते गिधाडांना बाधत नाही. श्रोतेहो, पेटीत कापूस, पट्टी आणि डॉक्टरांचा फोन नंबर ठेवा. आपली औषधं आपल्या फडताळातच बरी.